घोड्यांच्या ट्रेलरची तुटलेली कडी आणि झिजलेली बिजागरी : दुरुस्तीच्या नोंदी

५ ऑक्टोबर

रॅम्पची उजवी कडी गेली. चौकटीवर बोल्टने बसणारा तिचा कान मुळापासून तुटला आहे. ट्रेलर दोन घोड्यांचा, दोन्ही घोडी शेजारी-शेजारी सरळ उभी राहतील असा. सांगाडा पोलादी, बाजूंना ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली लाकडी फळ्या आणि त्यावर रबरी मॅट. रॅम्प मागच्या बाजूने खाली येतो आणि वर उचलून बंद केला की तोच मागची भिंत होतो. चालत्या ट्रेलरमध्ये पाचशे किलोंच्या जनावराच्या मागे पुठ्ठ्याचा दांडा (पुठ्ठ्यांमागे, म्हणजे ढुंगणामागे, आडवा बसणारा) असतो आणि त्यानंतर ही भिंत. ती दोन कड्यांवर उभी असते.

तुटलेला तुकडा उन्हात धरून भिंगाखाली पाहिला. तुटीचा बराचसा भाग काळपट-तपकिरी आहे, आत गंज मुरलेला. कडेची एक पट्टी मात्र राखाडी, दाणेदार, चमकणारी. म्हणजे चीर जुनी होती, रंगाखाली लपलेली होती, आणि शेवटची ती पट्टी तेवढी आता सुटली. कडी ओतीव आहे. ओतीव धातू वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतो.

नवी कडी आणून लावणं हे अर्ध्या तासाचं काम. पण चीर कशाने पडली हे कळल्याशिवाय नवी लावली, तर तीही त्याच वाटेने जाणार. म्हणून रॅम्प बंद करून पट्ट्याने बांधला आणि दोन्ही बाजूंची फट मोजली. वरच्या कोपऱ्यात डावीकडे ४ मिमी, उजवीकडे ११ मिमी. रॅम्प उजवीकडे खाली बसला आहे. बंद करताना तो खांद्याने रेटून कडी ओढून बसवावी लागायची, आणि ती सगळी ओढ प्रवासभर त्या कानावर असायची. दुखणं बिजागरीचं आहे, कडी फक्त तिच्यापायी मोडली.

संध्याकाळी आत शिरून बाकीचं पाहिलं. डाव्या कप्प्यातल्या पुठ्ठ्याच्या दांड्याला मूळची पिन नाही. आधीच्या मालकाने तिथे साधा बोल्ट घालून नट आवळला आहे. समोर घोडी बांधायच्या दोन कड्या आहेत, त्यांपैकी एक हलते, कारण ती नुसत्या पत्र्यात स्क्रूने बसवली आहे. मधल्या पार्टिशनची स्प्रिंगची खिटी अडकते. पुढचा जॅक कुरकुरतो, पण ते घाईचं नाही.

या यादीत मला सगळ्यात जास्त खटकतो तो नट-बोल्ट. तुटलेली कडी निदान दिसते तरी. तो बोल्ट बघणाऱ्याला भक्कम वाटतो. घोड्याच्या ट्रेलरमधल्या प्रत्येक कडीला दोन कामं असतात: अर्ध्या टनाच्या रेट्याखाली टिकायचं, आणि तो रेटा अंगावर असतानाच एका हाताने सुटायचं. दुरुस्ती करणारे बहुतेक जण पहिलं काम बघतात आणि दुसरं विसरतात.

६ ऑक्टोबर

कामाची तयारी. ट्रेलर सपाट जागी लावला, चाकांना पुढून-मागून अडण्या दिल्या आणि गाडीला जोडूनच ठेवला. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत सांगाड्याखाली जॅकस्टँड लावले. हे टाळू नये. गाडीपासून सोडलेल्या ट्रेलरच्या मागच्या टोकाला दोन माणसं चढली की पुढचं तोंड वर उचललं जातं आणि सगळा ट्रेलर मागे बसतो. रॅम्प काढताना आपण नेमके तिथेच उभे असतो.

रबरी मॅट बाहेर काढल्या. खाली साचलेल्या मुताचा वास डोळ्यांत झोंबला. घोड्याच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि कायमची ओल, यांनी लाकूड कुजतं आणि पोलादी आडपट्ट्या पापुद्रे सुटून गळतात. ॲल्युमिनियमवरही पांढरी भुकटी धरते. प्रत्येक फळीवर, विशेषतः दोन्ही टोकांना आणि आडपट्टी जिथे येते तिथे, स्क्रूड्रायव्हर जोराने टोचून पाहिला. टणक लाकूड टोक आत घेत नाही. मागची शेवटची फळी एका टोकाला मऊ लागली. ती बदलायची. बाकीच्या धुऊन उघड्या ठेवल्या. पूर्ण वाळल्याशिवाय मॅट परत टाकणार नाही.

८ ऑक्टोबर

रॅम्प काढला. धाकटा भाऊ मदतीला होता.

या ट्रेलरच्या रॅम्पला तळाशी पिळाची स्प्रिंग आहे. रॅम्प खाली येताना ती पिळली जाते आणि उचलताना तो पीळ परत देते, त्यामुळे जड रॅम्प एकट्याने उचलता येतो. म्हणजे रॅम्प खाली असताना स्प्रिंगमध्ये सगळ्यात जास्त ताण, आणि बंद असताना सगळ्यात कमी. रॅम्प जमिनीवर टेकलेला पाहून बोल्ट सोडायला जाणं सोयीचं वाटतं आणि तेच घातक आहे. तेव्हा बोल्ट सुटला तर स्प्रिंगचा दांडा मनगट मोडू शकतो. म्हणून रॅम्प उभा बंद केला, दोन रॅचेट पट्ट्यांनी सांगाड्याला आवळला, आणि मग स्प्रिंगच्या बाजूने हटून, कडेला गुडघ्यावर बसून दांड्याचा बोल्ट सोडायला घेतला. बंद स्थितीतही थोडा ताण शिल्लक असतोच, म्हणून दांड्यामागे लाकडाचा ठोकळा बांधून ठेवला होता.

“दादा, वरचा पट्टा ढिला करू का?”

“अजून नाही. आधी हा दांडा मोकळा होऊ दे. मी सांगेन तेव्हाच हात लाव.”

दांडा ठोकळ्यावर टेकला आणि तिथेच थांबला. मग तो सावकाश मोकळा केला. पुढे रॅम्पखाली लाकडी टेकू दिले, बिजागरीच्या पिना ठोकून बाहेर काढल्या आणि दोघांनी रॅम्प बाजूला ठेवला. स्प्रिंग नसताना त्याचं खरं वजन हाताला कळतं. एकट्याने करायचं हे काम नाही.

उजवी पिन हातात घेतली तेव्हा खात्री पटली. मूळ जाडी १६ मिमी. टोकांना कॅलिपर १६ दाखवतो, मधे, बिजागरीच्या कानाखाली (ज्याच्या भोकातून पिन जाते तो भाग), १४.२. पिनेवर चक्क पायरी पडली आहे, नखाला लागते. कानाचं भोक गोल राहिलेलं नाही, खालच्या अंगाला लांबट झालं आहे. ग्रीस भरायच्या निपलमध्ये (छोट्या तोंडात) घट्ट वाळलेली माती; ग्रीस आत कधी पोचतच नव्हतं. डावी पिन १५.८, तिचं निपल उघडं. सगळी गोष्ट त्या एका बुजलेल्या भोकात आहे.

९ ऑक्टोबर

आजचा दिवस अडकलेल्या बोल्टांचा.

कडीच्या बैठकीचे बोल्ट सांगाड्यात आटे पाडून बसवले आहेत, एम १० (१० मिमी जाडीचे). काल रात्री आत शिरणारं तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी आधी प्रत्येक बोल्ट सोडण्याऐवजी किंचित आवळून पाहिला. गंजाची पकड आवळतानाही सुटते आणि बोल्टच्या डोक्यावर तेवढा ताण येत नाही. तेवढ्याने कुईं असा आवाज आला की बोल्ट जिवंत आहे. मग थोडा उलटा, थोडा सुलटा, मधे तेलाचा थेंब, असं करत बाहेर. सरळ लांब पाइप घालून ताकद लावली की डोकं हातात येतं.

एकाचं डोकं आधीच गोल झालेलं होतं आणि कान तुटताना त्याच्या मानेला मार बसला होता. तो सांगाड्याच्या पातळीत तुटला. अशा वेळी घाई अजिबात नको. तुटलेला माथा कानशीने सपाट केला, कारण वाकड्या माथ्यावर ड्रिल घसरतं. मधोमध सेंटर पंचचा खोल ठसा मारला. इथे केंद्र चुकलं तर ड्रिल एका बाजूने सांगाड्याचे आटे खातं, म्हणून ठसा भिंगाने तपासला. आधी ३ मिमी, मग ५, तेल देत, हळू वेगाने. ५ मिमीसाठी डाव्या फिरकीचं ड्रिल वापरलं. ड्रिल उलटं फिरत कापतं, त्यामुळे तुकडा ढिला असला तर त्याच ओढीने तो उलटा फिरून बाहेर यायला लागतो. हा तसाच आला. भोक पाडल्याने बोल्टच्या अंगातला ताण सुटतो, ड्रिलची ऊब मिळते, आणि तो अचानक फिरायला लागतो. त्या क्षणाचं समाधान मोठं असतं.

तो तसा आला नसता तर पुढची पायरी ८.५ मिमीपर्यंत भोक वाढवायची होती. एम १० च्या साध्या १.५ मिमी आट्यांसाठी टॅपचं (आटे पाडायच्या हत्याराचं) भोक तेवढंच लागतं, त्यामुळे जुन्या बोल्टचा फक्त वळणदार तार शिल्लक राहतो आणि तो टोकदार पकडीने उचकून काढता येतो. एक्स्ट्रॅक्टर नावाचं निमुळतं हत्यार मी शक्यतो लावत नाही. ते अतिशय कडक पोलादाचं आणि ठिसूळ असतं. आत मोडलं तर त्याला साधं ड्रिल लागत नाही, आणि साधं काम अवघड होऊन बसतं.

आग देण्याचा पर्याय होता, पण शेजारी लाकडी फळ्या, कोपऱ्यांत अडकलेला चारा आणि रबर. बोल्ट इतरत्र असता तर दिली असती. इथे देऊ नये. द्यायचीच वेळ आली तर आधी सगळा भुसा व्हॅक्युमने काढून, ओलं पोतं आणि पाण्याची बादली हाताशी ठेवूनच.

शेवटी सगळ्या भोकांतून टॅप फिरवून आटे साफ केले.

१२ ऑक्टोबर

बिजागरी.

पिना नव्या, १६ मिमीच्या घासलेल्या पोलादी दांड्यातून कापल्या. लांबट झालेल्या कानांचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. भोक २० मिमी करून पितळी बुश (भोकात बसणारी नळी) ठोकणं हा एक मार्ग. पण सांगाड्यावर जोडलेल्या कानात हाताच्या ड्रिलने सरळ भोक पडत नाही. ड्रिल आधीच झिजलेल्या बाजूकडे ओढलं जातं आणि बुश तिरका बसतो. म्हणून जुने कान कापून काढायचे आणि जाड नवे कान बसवायचे ठरवलं.

इथे मी एक रेघ ओढतो. माप, कापणं, घासणं, जागेवर धरणं हे माझं काम. सांगाड्यावरचं अखेरचं वेल्डिंग मात्र रोज तेच करणाऱ्या माणसाकडून. वरून सुबक दिसणारं पण आत न मुरलेलं वेल्डिंग ओळखायला मला डोळा नाही, आणि या जोडावर घोडी पाय देणार आहे.

वेल्डर यायच्या आधी जोडाच्या दोन्ही बाजूंनी जस्ताचा लेप घासून उघडं पोलाद काढलं. जस्त वेल्डिंगच्या उष्णतेत जळून पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. घासतानाही मास्क लावला. तेलकट जागा पुसायला ब्रेक क्लीनर घेतला नाही. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वेल्डिंगच्या आर्कखाली आला तर त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू होऊ शकतो, आणि डब्यावरचं बारीक अक्षर गडबडीत कोणी वाचत नाही. साधं ॲसिटोन वापरलं आणि ते पूर्ण उडून जाऊ दिलं.

गाडीचा विजेचा प्लग काढला. वेल्डिंगची अर्थिंगची पकड जोडापासून वीतभर अंतरावर, स्वच्छ पोलादावर. ती दूर कुठे तरी, चाकाजवळ लावली तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि गोळ्यांवर बारीक खड्डे पाडतो. ते महिन्यांनी चाक आवाज करायला लागल्यावर कळतं आणि तेव्हा कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

कान एका ओळीत आणायला सोपी युक्ती केली. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जाईल असा एकच लांब, सरळ १६ मिमीचा दांडा सगळ्या कानांमधून ओवला आणि तो आत असतानाच कान वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी धरले. प्रत्येक टाक्यानंतर दांडा हाताने फिरवून पाहिला. एका ठिकाणी अडकला. तो टाका तोडून कान केसभर सरकवला आणि परत धरला. वेल्डर काका पूर्ण वेल्डिंग थोडं थोडं, बाजू बदलत करत गेले. एका दमात मारलं असतं तर आकसणाऱ्या धातूने कान ओढून घेतला असता. गार झाल्यावर दांडा दोन बोटांनी बाहेर आला.

“आता याच्यात ग्रीस घालत राहा, मग परत मला बोलवायची वेळ येणार नाही,” काका म्हणाले.

१३ ऑक्टोबर

जोडांवर जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर, दोन हात. वेल्डिंगची उडालेली शितं घासून काढली. शेवटची फळी बदलली. नवीन फळीची कापलेली टोकंही रंगवली, कारण पाणी टोकांतून सगळ्यात आधी शिरतं.

१५ ऑक्टोबर

रॅम्प परत चढवला. फट डावीकडे ४ मिमी, उजवीकडे ४.५. खांदा लावावा लागत नाही.

नव्या कड्या घडीव पोलादाच्या, दांडा मधल्या टप्प्यापलीकडे गेला की आपोआप आवळून बसणाऱ्या, वर खिटीचं दुहेरी कुलूप. दोन्ही बाजूंच्या बदलल्या. डावी अजून तुटली नव्हती, पण तिने बरोबरीनेच भार सोसला आहे.

बोल्टबद्दल थोडं सविस्तर लिहून ठेवतो, कारण याच प्रश्नावर लोक अडतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असं कोरलेलं असतं. पहिला ८ म्हणजे तुटेपर्यंतची ताकद प्रत्येक चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे ६४० वर, तो कायमचा ताणला जायला सुरुवात होते. एम १० च्या आट्यांचं कामाचं क्षेत्रफळ ५८ चौरस मिलिमीटर. गुणाकार केला तर असा एक बोल्ट सरळ ओढीत तुटायला साडेचार टनांहून जास्त लागतात. म्हणजे बोल्ट जवळजवळ कधीच कमी पडत नाही. कमी पडतो तो पत्रा, ज्यात तो बसवला आहे. दीड मिलिमीटरच्या ॲल्युमिनियममधून वॉशरसकट बोल्ट उपटून येतो. म्हणून जाडी वाढवायची ती बोल्टची नव्हे, त्याच्यामागच्या आधाराची. कडीच्या बैठकीमागे, आतल्या बाजूने, ६ मिमी जाडीची पोलादी पट्टी दिली. ती चारही बोल्टांना एकत्र धरते आणि भार पत्र्यावर न टाकता सांगाड्याच्या उभ्या खांबावर नेते.

पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम झिजतं. तीच ती पांढरी भुकटी. दोन्हींच्या मधे ब्युटाइलची (मऊ, चिकट रबराची) टेप आणि बोल्टांना नायलॉनचे बुश दिले. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात छोटा स्टेनलेस बोल्ट बराच काळ निभावतो, कारण झिजायला ॲल्युमिनियम भरपूर असतं. उलट स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीत छोटे ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले तर सगळा गंज त्या रिव्हेटांवर एकवटतो आणि ते एका पावसाळ्यात भुसभुशीत होतात. आतल्या जुन्या पट्टीवर नेमके तसेच रिव्हेट होते. ते काढून टाकले.

सांगाड्याला आवळलेले बोल्ट टॉर्क पान्याने ४५ न्यूटन मीटरवर. जिथे नायलॉनचा बुश आहे तिथे तेवढं आवळून चालत नाही, तो चिरडतो. तिथे कमी टॉर्क आणि आत नायलॉनची रिंग असलेले नवे नट. हे नट एकदा काढले की परत वापरू नयेत, रिंगची पकड जाते.

१८ ऑक्टोबर

पुठ्ठ्याचा दांडा. या सगळ्या कामातली माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची नोंद.

हा दांडा घोड्याच्या पुठ्ठ्यांमागे आडवा असतो. गाडी वेग घेते, चढाला लागते, तेव्हा घोडा मागे रेलतो आणि दांडा त्याला धरतो. उतरवायची वेळ आली की रॅम्प खाली करून, बाजूला उभं राहून दांडा सोडायचा. पण घाबरलेला घोडा मागे रेलूनच उभा असतो. पाय घसरून तो दांड्यावर बसला, किंवा पुढे गाडीला धक्का बसला, तर त्याचं वजन दांड्यावरून हटत नाही. तेव्हाच दांडा सोडायचा असतो.

डाव्या कप्प्यातला नट-बोल्ट या स्थितीत कसा वागतो ते करून पाहिलं. दांड्याला मधोमध मोठा पट्टा बांधला, त्यात लटकता वजनकाटा अडकवला आणि रॅचेटने मागे ओढत नेलं. काट्यावर १५० किलो आल्यावर नट पान्याने सुटला, पण बोल्ट बाहेर निघेना. दांड्याच्या कडेने तो भोकात असा दाबून धरला होता की हातोडीनेही हलला नाही. आणि हे फक्त १५० किलो. पान्याची वाट बघणारा घोडा तोवर काय करेल याची कल्पना करवत नाही.

मग उजव्या कप्प्यातली मूळची सरळ पिन त्याच भाराखाली तपासली. तीही हाताने निघाली नाही. भार नसताना ती बोटाने निघते आणि म्हणून रोज चांगली वाटते. सरळ पिन भारावर आडवी असते. जितका रेटा जास्त तितकं घर्षण जास्त, इतकं सरळ गणित आहे.

दोन्हीकडे तरफेची सुटणारी पकड बसवली. तिच्यात भार तरफेच्या आकड्यावर येतो, आकडा फिरला की दांडा आपोआप घसरून सुटतो. पिन उपसायची गरजच राहत नाही. तरफेवर आपोआप उघडू नये म्हणून छोटी स्प्रिंगची खिटी आहे, ती अंगठ्याने दाबली जाते. १५० किलोंवर ती एका हाताने उघडली. २५० वर नेलं, तरीही उघडली, आवाज मात्र मोठा आला. चाचणी घेताना दांड्याच्या मागे सरळ रेषेत उभं राहायचं नाही. भाऊ आणि मी दोघंही बाजूच्या छोट्या दारातून हात घालून काम करत होतो.

पकड कुठल्या बाजूला बसवायची यावर बराच विचार केला. आधीची पिन पार्टिशनच्या बाजूला होती, म्हणजे ती काढायला माणसाला दोन घोड्यांच्या पुठ्ठ्यांमध्ये हात घालावा लागे. नवी पकड बाहेरच्या भिंतीकडे घेतली. आता बाहेर, ट्रेलरच्या कोपऱ्याआड उभं राहून ती सुटते. घोड्याने दुगाण्या झाडल्या तरी माणूस त्या वाटेत नाही.

ट्रेलरच्या आतल्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवलं: चढवताना आधी मागचा दांडा, मग डोक्याची दोरी. उतरवताना आधी दोरी सोडा, मग दांडा. डोकं बांधलेलं आणि मागे काहीच नाही, अशा स्थितीत घोडा मागे सरकला की दोरी ताणते. त्या ताणाने तो आणखी मागे ओढतो, आणि मग काहीतरी मोडतं किंवा कोणीतरी जखमी होतं. आम्हा दोघांना क्रम पाठ आहे, पण मदतीला आलेल्या माणसालाही तो डोळ्यासमोर दिसला पाहिजे.

२० ऑक्टोबर

बांधायच्या कड्या. हलणारी कडी दोन स्क्रूंवर होती, पत्र्यात. दोन्ही कड्या काढून सांगाड्याच्या उभ्या खांबातून आरपार बोल्ट घेतले, मागे पोलादी पट्टी.

लोक म्हणतात कडी थोडी कच्चीच बरी, घोडा घाबरला तर सुटेल. मला हे पटत नाही. कडी पत्र्यातून उपटून आली की ती दोरीच्या टोकाला लोंबत राहते, आणि पळणाऱ्या घोड्याच्या पायांभोवती लोखंडाचा तुकडा फिरत राहतो. कच्चा दुवा हवाच, पण तो कडी आणि दोरी यांच्यामधे. कडीत सुतळीचा एक फेरा बांधला आहे, दोरी त्या फेऱ्यात. जोर आला की सुतळी तुटेल, कडी जागेवर राहील.

उंची ठरवताना घोडीला मान खाली नेता येईल हे पाहिलं. लांब प्रवासात डोकं सतत वर बांधलेलं राहिलं की श्वासनलिकेतला चिकटा बाहेर पडत नाही, आणि त्यातून घोड्यांना फुफ्फुसाचा गंभीर संसर्ग होतो. दोरी इतकी लांब हवी की नाक छातीच्या खाली जाईल, आणि इतकी आखूड की पाय दोरीवर जाणार नाही.

पार्टिशनची खिटी आत वाळलेल्या शेणामातीने अडकत होती. स्प्रिंग शाबूत आहे. धुतली, कोरडं वंगण दिलं. तिथे ग्रीस नको, त्यावर भुसा चिकटतो.

२२ ऑक्टोबर

आतून सगळीकडे जुना सुती कपडा फिरवला, भिंती, पार्टिशन, दांड्यांची टोकं, कड्यांच्या कडा. जिथे धागा अडकला तिथे कानस. जोरात लागली की पत्र्याची साधी कडही घोड्याची कातडी चिरते. बोल्टांची बाहेर आलेली टोकं कापून त्यावर घुमटाकार नट बसवले. मोरकी अडकेल असा एकही आकडा घोडीच्या डोक्याच्या टप्प्यात ठेवला नाही. पार्टिशनच्या वरच्या खिटीची मूठ त्यासाठी उलटी फिरवली.

मग खडखडाट. ट्रेलर हलवून भाऊ आत उभा राहिला आणि मी बाहेरून धक्के दिले. दांडे त्यांच्या खोबणीत वाजत होते. तिथे रबराचे तुकडे चिकटवले. घोड्याला माणसापेक्षा बरेच उंच स्वर ऐकू येतात, पार ३३ किलोहर्ट्झपर्यंत. जो पातळ पत्र्याचा किणकिणाट आपल्याला गाडीत बसून जाणवत नाही तो त्याला कानाशी ऐकू येतो, आणि मागच्या आवाजाला घोडा लगेच बुजतो, कारण बरोबर पाठीमागचं त्याला दिसत नाही.

२५ ऑक्टोबर

भार चाचणी. रॅम्प खाली केला आणि वाळूची पोती बिजागरीच्या जवळ रचली. मधे रचून उपयोग नव्हता. घोडा रॅम्पच्या मध्यावर असताना निम्मा भार जमिनीवर टेकलेल्या कडेवर जातो, आणि तो जसा ट्रेलरकडे सरकतो तसा जवळजवळ सगळा बिजागरीवर येतो. घोड्याचं वजन पुढच्या पायांवर जास्त असतं, साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणून रॅम्पच्या वरच्या टोकाला एक मोठा रेटा आधी येतो आणि दुसरा नंतर. पोत्यांचं वजन घोडीपेक्षा जास्त केलं. पिना मोकळ्या फिरतात, कानांच्या जोडांवर रंगाला तडा नाही.

प्रत्येक नट आणि त्याखालचा भाग यांवर पांढऱ्या पेनाने एक सलग रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल, पाना लावायची गरज नाही.

रिकामा ट्रेलर खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणला. एक रेघ सरकली, डाव्या कडीच्या बैठकीची वरची. तिथे ब्युटाइलची टेप जरा दबली आहे, त्यामुळे बोल्ट सैल पडला. परत आवळला, नवी रेघ ओढली. टेप असलेले जोड पहिल्या प्रवासानंतर परत आवळायचे, हे नोंदवून ठेवतो.

२६ ऑक्टोबर

घोडी चढवली. रॅम्पवर पहिलं पाऊल टाकून ती थांबली, नाक खाली करून नवा रंग हुंगला, टाप दोनदा आपटून पाहिली आणि चढली. दांडा लावला, मग दोरी. आत थोडा वेळ उभी केली, गाडी सुरू न करता. ती मागे रेलली, पुठ्ठा दांड्यावर टेकला. तशीच रेललेली असताना दोरी सोडून, कोपऱ्याआडून तरफ दाबली. दांडा सुटला, ती सरळ मागे उतरली. घाई नाही, धडपड नाही. भावाने परत एकदा तेच केलं, त्याच्या हाताने.

२८ ऑक्टोबर

छोट्या फेरीनंतर सगळ्या रेघा तपासल्या, जागच्या जागी आहेत. बिजागरीच्या चारही निपलांत ग्रीस भरलं. जुनं बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भरायचं. निपलांवर रबरी टोप्या बसवल्या.

शिल्लक: पुढच्या जॅकचा दात तपासणे. ब्रेकअवे स्विचच्या (ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याचे ब्रेक लावणाऱ्या) बॅटरीची चाचणी, तार ओढून चाकं खरोखर अडतात का ते पाहणे. सुरक्षा साखळीचा एक आकडा उघडा पडल्यासारखा वाटतो, तो मापून ठरवायचं. जॅक खोलायचा तर ट्रेलर गाडीपासून सोडावा लागेल, म्हणून आधी साखळी आणि ब्रेकअवे, मग जॅक.